एक्स्प्रेस वेसाठी जुनी गाडी

सकाळी ६.००

चहा उकळेपर्यंत वहीत हिशेब मांडला. ज्यांच्यासाठी आज गाड्या बघायच्या आहेत त्या ताई रावेतला राहतात, नोकरी बेलापूरला. आठवड्यातून तीन दिवस गाडीने जाऊन-येऊन. किवळे ते कळंबोली एक्स्प्रेस वे साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा. अलीकडचं-पलीकडचं धरून दिवसाला २१५, म्हणजे महिन्याला २,८००. वर्षाकाठी ३३ हजारांच्या पुढे.

गाडी बघण्याआधी हे आकडे मांडायचे, असा माझा आग्रह असतो. डिझेल ९० रुपये आणि अ‍ॅव्हरेज १८ चं धरलं तर महिन्याला १४ हजार. पेट्रोल १०४ आणि अ‍ॅव्हरेज १५ चं, तर १९ हजारांच्या वर. सीएनजी ९० रुपये किलो आणि २४ चं अ‍ॅव्हरेज, तर साडेदहा हजार. सीएनजी सगळ्यात स्वस्त, हे खरंच आहे. पण ताईंना रात्री आठला बेलापूरहून निघून परत घाट चढायचा आहे. पंपावरची रांग, टाकीने खाल्लेली डिकी आणि चढाला कमी पडणारी ओढ, हे सगळं त्यांनी स्वतःच नको म्हटलं. टोल २०२३ पासून एका वेळचा ३२० रुपये आहे. तो कोणत्याही कारला तेवढाच, म्हणून या तुलनेत धरला नाही.

महिन्याला पाच हजारांचा फरक तीन वर्षांत पावणेदोन लाखांच्या पुढे जातो. शहरात रोज दहा किलोमीटर फिरणाऱ्याला मी डिझेल घेऊ देत नाही, इथे मात्र डिझेलच. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलमधल्या डीपीएफला लोक घाबरतात. तो फिल्टर शहरातल्या थांबत-थांबत चालण्याने तुंबतो. सलग वेगात धावलं की आतली काजळी जळून जाते, त्यामुळे असल्या गाडीलाही माझी हरकत नव्हती. बजेटमध्ये बसली नाही, इतकंच.

सकाळी ७.४५

चिंचवडची सोसायटी. मालकांना रात्रीच फोन करून सांगितलं होतं, ‘साहेब, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका.’ आल्याआल्या बॉनेटवर हात ठेवला. गार. गरम इंजिन आपले दोष लपवतं. पहिल्या सेल्फला येणारा आवाज आणि धूर एकदाच मिळतो.

गाडी ऑगस्ट २०१९ ची नेक्सॉन डिझेल, एमएच-१४ पासिंग, पहिला मालक, मीटरवर ९६ हजार. ताईंचा चेहरा उतरला. ‘काका, लाखाला आलीय की!’ मी म्हटलं, थांबा जरा.

सन २०१९ मला महत्त्वाचं वाटतं. त्या एप्रिलपासून प्रत्येक नव्या कारला एबीएस सक्तीचं झालं. १ जुलैपासून चालकाची एअरबॅग, सीटबेल्टची आठवण देणारा आवाज आणि ८० च्या पुढे इशारा देणारी यंत्रणाही आली. नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपने डिसेंबर २०१८ मध्ये पाच तारे दिले. ट्रकांच्या रांगेतून रोज घाट उतरणाऱ्या माणसाने अ‍ॅव्हरेजच्या एक-दोन किलोमीटरसाठी कमकुवत सांगाडा घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

गाडी एका सेल्फला लागली. ऑइल भरायचं झाकण उघडून वर तळहात धरला. बॅक कॉम्प्रेशन नाही, नुसती ऊब. डिपस्टिकवरचं ऑइल काळं, पण डिझेलमध्ये ते काळं पडतंच. पातळी बरोबर होती आणि दुधाळपणा नव्हता, एवढं पुरे. अ‍ॅप्रनचे, फेंडरचे बोल्ट पाहिले. कुणी पाना लावला असता तर त्यांच्यावरचा रंग तडकलेला दिसला असता. दारांची पेस्टिंग कारखान्यातलीच.

मग टायर. गुडघ्यावर बसून बॅटरी मारली. टायरच्या बाजूला लंबगोल चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पुढच्या दोन्हींवर १८२३. मागच्या दोन्हींवर ४१२०, म्हणजे २०२० चा एक्केचाळिसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक होती आणि ताईंना ते टायर नवेच वाटले. मी चाक फिरवून बाजूच्या रबरावरून नख ओढलं, तर केसाएवढ्या भेगा उघडल्या. पाच वर्षं उलटलेलं असं रबर उन्हाळ्यात दुपारच्या तापलेल्या काँक्रीटवर १०० च्या वेगात फुटू शकतं. नक्षी कितीही खोल असली तरी हे टायर एक्स्प्रेस वेवर न्यायचे नाहीत.

सकाळी १०.३०

दुसरी गाडी एका यार्डात. पेट्रोल हॅचबॅक, मीटर ३१ हजार, बाहेरून आरसा. ताई खूश झाल्या. मी पुढचा सीटबेल्ट शेवटापर्यंत ओढला. तळाशी विटकरी रेघ. स्टेपनी उचलली, खालच्या खोबणीत बारीक गाळ. कार्पेट उचकटलं तेव्हा सीटच्या नटांवर गंज. गाडी पाण्यात बसलेली होती. शिवाय ब्रेक पेडलचं रबर कडेने गुळगुळीत झालेलं, ३१ हजारांत एवढं झिजत नाही.

शेजारी दिल्ली पासिंगची एक डिझेल सेदान फार स्वस्तात उभी होती. दिल्लीत दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आहेत, म्हणून तिकडच्या गाड्या इकडे येतात. एनओसी, इथला कर, नवा नंबर एवढं सगळं करून शेवटी हातात म्हातारी गाडीच. दोन मिनिटांत निघालो.

दुपारी १२.३०

चिंचवडच्या गाडीच्या सर्व्हिसच्या नोंदी मालकांनी स्वतः काढून दिल्या. दर दहा हजारांच्या आसपास एक नोंद, आकडे चढत गेलेले, मध्ये कुठे खंड नाही. फास्टॅगचं स्टेटमेंटही मागून घेतलं. जुन्या गाडीचा मीटर तपासायला याच्याइतकं चांगलं साधन मला दुसरं माहीत नाही. पानोपानी खालापूर आणि तळेगावचे टोल. म्हणजे ९६ हजारांतले बरेचसे किलोमीटर वरच्या गिअरमधले.

ताईंना तिथेच समजावलं. एक्स्प्रेस वेवरच्या शंभर किलोमीटरमध्ये क्लच जितक्या वेळा दाबला जातो, तितक्या वेळा तो हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये दोन-तीन किलोमीटरमध्येच दाबला जातो. सलग धावणारं इंजिन एका तापमानावर राहतं आणि ऑइल नीट फिरतं. सोसायटीत उभी राहून बॅटरी, रबर आणि ब्रेक आखडलेली ‘कमी चाललेली’ गाडी मी या कामासाठी कधीच सुचवणार नाही. वेळच्या वेळी ऑइल बदललेले लाख किलोमीटर चालतील. ज्यांचा कागद नाही असे तीस हजार नकोत.

दुपारी २.००

टेस्ट ड्राइव्ह. सोसायटीला चक्कर मारून काहीच कळत नाही. मालकांना शेजारी बसवून जुन्या महामार्गाने वडगावच्या पुढे गेलो. मोकळ्या पट्ट्यात ८० ला स्टिअरिंग सैल धरलं, गाडी सरळ. नव्वदीकडे जाताना किंचित थरथर आली. बॅलन्सिंगचं काम, मोठं नाही. कामशेतच्या घाटात तिसऱ्या गिअरमध्ये जोर दिला. टर्बोची शिट्टी साधी, मागे काळा ढग नाही, तापमानाचा काटा जागेवर. परतीच्या उतारावर ब्रेक सलग वापरून पाहिले. पेडल मऊ पडलं नाही, पण हलके ठोके जाणवले. पुढच्या डिस्क एकसारख्या राहिलेल्या नाहीत. खंडाळ्याहून खोपोलीकडे आठवड्यातून तीनदा उतरायचं, तर डिस्क, पॅड आणि ब्रेक ऑइल आधी बदलायचं. ताईंना उतारावर खालच्या गिअरमध्येच गाडी चालवून दाखवली. ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरायची सवय कोणालाच लागू नये.

दुपारी ४.३०

कागद पटकन झाले. आरसीवर बँकेचा बोजा होता, तो उतरवल्याचा दाखला आहे पण नोंद झालेली नाही. मालकांना फॉर्म ३५ द्यायला सांगितलं. २९ आणि ३० ट्रान्सफरचे. विम्यात गेल्या वर्षी क्लेम नाही. एक्स्प्रेस वेवर २०२४ पासून कॅमेरे लागलेत, म्हणून ई-चलन आवर्जून पाहिलं. वेगाची दोन निघाली. ती त्यांनी भरायची आणि फास्टॅग बंद करायचा. ताई आपल्या नावाचा नवा घेतील.

संध्याकाळी ६.३०

ताईंना फोन केला. गाडी घ्या. चारही टायर, पुढच्या डिस्क-पॅड, ब्रेक ऑइल, बॅलन्सिंग मिळून ४५ हजार धरा आणि तेवढे किमतीतून मागा. मालक सरळ आहेत, निम्म्यावर तरी येतील. ‘काका, मागचे दोन टायर पुढच्या महिन्यात घातले तर चालेल?’

नाही म्हटलं. सीट कव्हर, म्युझिक, कॅमेरा पुढच्या महिन्यात. टायर आणि ब्रेक झाल्याशिवाय किवळ्याच्या पुढे जायचं नाही. शनिवारी सकाळी गाडी माझ्याकडे आणून लावायची, असं ठरलं.