कड्यावरची गोगलगाय

आमच्या लातूर जिल्ह्यात गोगलगाय म्हटलं की शेतकऱ्याच्या कपाळाला आठ्या पडतात. २०२२ च्या पावसाळ्यात शंखी गोगलगायीने उगवतं सोयाबीन रातोरात फस्त केलं आणि अनेकांवर दुबार पेरणीची वेळ आली. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं शेतात अंथरायची, पहाटे त्यांखाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाकायच्या, हे काम आता जळकोटकडच्या माणसाला नवं नाही. मूळची आफ्रिकेतली ती गोगलगाय मिळेल ते खाते, मिळेल तिथे राहते. मी खंडाळ्याच्या घाटात पाहिली ती नेमकी उलट्या स्वभावाची. तिला सह्याद्रीचा ओला कडाच लागतो, दुसरं काही चालत नाही.

शास्त्रात तिच्या प्रजातीगटाला क्रेम्नोकॉन्कस म्हणतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातले विल्यम ब्लॅनफर्ड यांनी १८६३ साली तिची नोंद केली आणि सह्याद्रीवरून एका जातीला सिह्याद्रेन्सिस हे नाव दिलं. नवलाची गोष्ट तिच्या कुळात आहे. कोकणात खडकाळ किनाऱ्यावर भरतीच्या रेषेच्या आसपास ज्या लहान शंखगोगलगायी चिकटलेल्या दिसतात, त्या हिच्या भावकीतल्या. जवळजवळ सगळं कूळ खाऱ्या पाण्याचं, आणि गोड्या पाण्यात कायमचा संसार थाटला तो एवढ्या एका शाखेने, तोही डोंगरावर, ३०० ते १४०० मीटर उंचीवर. २०१३ साली रीड, अरविंद आणि मध्यस्थ या तिघांनी कर्नाटकातल्या सहा नव्या जाती उजेडात आणल्या. महाराष्ट्रातल्या तीन जाती आधीपासून माहीत होत्या. या दोन वस्त्यांमध्ये सुमारे ५०० किलोमीटरचं अंतर आहे.

शोधायचं काम चिकाटीचं. खंडाळ्यात माझ्यासोबतच्या अभ्यासकाने मोठ्या धबधब्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो थांबला बाजूच्या काळ्या कातळापाशी, जिथे पाणी पडत नव्हतं, नुसतं झिरपत होतं. पाण्याचा थर इतका पातळ, की बोट टेकवलं तर नख भिजावं. शेवाळाच्या कडेला, खडकाच्या भेगेत हरभऱ्याच्या दाण्याएवढा तपकिरी शंख होता. भिंग धरलं तेव्हा कळलं, की तो सरकतोय. जिभेवरच्या दातांच्या बारीक रांगांनी कातळावरची शेवाळाची साय खरवडत ती वरच्या दिशेने चालली होती. मऊ ब्रशाच्या टोकाने हलकेच स्पर्श केला तर अंग आत गेलं आणि तोंडावर झाकण बसलं. आपल्या शेतातल्या शंखी गोगलगायीला असं झाकण नसतं. कातळ कोरडा पडला, की याच झाकणाच्या आत ओल धरून कड्यावरची गोगलगाय भेगेत तग धरते.

अभ्यासकाने फूटपट्टी शेजारी धरून फोटो घेतले, जागा, उंची, ओलीचा पट्टा किती रुंद हे वहीत लिहिलं आणि एकही शंख न उचलता पुढे निघाला. मला ते फार आवडलं. मूठभर शंख नेले तर त्या भेगेतली निम्मी वस्ती उठेल, आणि शेजारच्या ओढ्यातून दुसरी यायला मधलं कोरडं पठार कोण ओलांडणार?

कातळावरचा हा पाझर येतो कुठून? महाराष्ट्रातला सह्याद्री काय नि आमचा बालाघाट काय, दोन्ही लाव्हारसाच्या थरांवर थर बसून झालेले. पाणी वरच्या थराच्या भेगांतून उतरतं, खालच्या घट्ट किंवा तांबड्या मातकट थरावर अडतं आणि डोंगराच्या कुशीतून आडवं बाहेर पडतं. फरक पावसाचा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, लातूरला त्याच्या एक सप्तमांश म्हणावा इतका. आमचे ओढे उन्हाळ्याआधीच आटतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी ज्या जिल्ह्याने प्यायलं, तिथल्या माणसाला कातळावरून अखंड झिरपणाऱ्या थेंबाचं मोल वेगळं सांगायला नको.

आणि हा थेंब तोडणं सोपं आहे. पाझराच्या तोंडाशी पाइप बसवला, की खालचा कातळ वाळतो. वरच्या पठारावर जेसीबी फिरला, भेगा मातीने बुजल्या, की तेच. धबधब्याखाली साबण-शाम्पू लावून अंघोळ करणाऱ्यांच्या तर शेजारच्या कातळावर अशी वस्ती आहे हे ध्यानीमनीही नसतं.

माझं म्हणणं एवढंच. पाझराचं पाणी गावाला हवंच, ते जरूर घ्यावं. पण सगळंच पाइपात घालू नये, एक धार कातळावरून वाहू द्यावी. आणि पावसाळी सहलीला घाटात गेलात, ओल्या कड्यावर असा बारीक शंख दिसला, तर फोटो काढा, खिशात घालू नका.