दारूबंदीचा कायदा आहे, मग गावात दारूचे दुकान कसे?

बीड जिल्ह्यातल्या बातम्यांत हे वाक्य नेहमी येते: 'महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमान्वये गुन्हा दाखल.' मग त्याच गावात देशी दारूचे दुकान पाटी लावून कसे चालते? हा गोंधळ आपल्या घरांतही आहे, म्हणून आम्ही तो इथे सोडवून सांगत आहोत.

कायदा काय म्हणतो?

मुंबई राज्याने हा कायदा १९४९ साली केला. १९५६ मध्ये मराठवाडा त्या राज्यात आला आणि पुढे तो आपल्याकडेही लागू झाला. नंतर बंदी सैल झाली, परवाना पद्धत रुळली. आज नाव दारूबंदीचे असले तरी कायदा बंदी घालतो ती विनापरवाना दारूवर. परवाना असला की विक्री कायदेशीर, आणि त्यातून सरकारला महसूल मिळतो. राज्यघटनेचे कलम ४७ सरकारला दारूबंदीच्या दिशेने जायला सांगते, पण ते मार्गदर्शक तत्त्व आहे. त्यासाठी कोर्टात सक्ती करता येत नाही. राज्यात वर्धा (१९७५) आणि गडचिरोली (१९९३) या जिल्ह्यांत संपूर्ण बंदी झाली. चंद्रपुरात २०१५ ला लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठवली गेली. बीडमध्ये अशी जिल्हाबंदी नाही.

दीन काय सांगतो?

हराम-हलाल सरकारी परवान्यावर ठरत नाही. कुरआनने दारू टप्प्याटप्प्याने सोडवली. आधी तिचे नुकसान फायद्यापेक्षा मोठे असल्याचे सांगितले, मग नशेत नमाजजवळ जायला मनाई केली आणि शेवटी सूरह माइदामध्ये पूर्ण बंदी आली. तेव्हा मदीनेच्या लोकांनी घरातली दारू गल्लीत ओतून दिली. प्रेषितांच्या (स.) शिकवणीत पिणाऱ्याबरोबर गाळणारा, वाहून नेणारा, विकणारा आणि तिचा पैसा खाणाराही दोषी आहे. 'आपण पीत नाही, फक्त गाळा भाड्याने दिलाय' असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आडवी बाटली

गावातले परवानाधारक दुकान बंद करण्याचा मार्ग २००८ च्या आदेशात आहे. गावातल्या किंवा वॉर्डातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांसह मागणी केली, की सह्या तपासून गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. बहुमत मोजतात ते यादीतल्या एकूण महिला मतदारांवर, झालेल्या मतांवर नाही. ५० टक्क्यांहून जास्त बायांनी आडवी बाटली निवडली तरच दुकान बंद होते. जी बाई मतदानाला आली नाही, तिचे मत आपोआप दुकानाच्या बाजूला जाते.

बीडमध्ये याचा फटका मोठा बसतो. दिवाळीनंतर हजारो जोडपी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. ज्या बाईचा संसार दारूने सर्वांत जास्त पोखरला, तीच मतदानाच्या दिवशी फडात असते. म्हणून अर्ज करतानाच हंगामाचा हिशेब धरावा, आणि मयत व कायमच्या स्थलांतरितांची नावे यादीतून आधी कमी करून घ्यावीत.

दुकान बंद झाले की हातभट्टी डोके वर काढते. तिथे मतदान लागत नाही, तो सरळ गुन्हा आहे. सराईत हातभट्टीवाल्याला १९८१ च्या एमपीडीए कायद्याखाली स्थानबद्धही करता येते. मात्र त्यासाठी गावाने तक्रार लावून धरावी लागते.

दारूने मोडणारे घर कोणत्याही धर्माचे असू शकते. म्हणून मशिदीतून जुम्याला आवाहन व्हावे, आणि सह्या गोळा करताना आपल्या माता-भगिनींनी गावातल्या सगळ्या बायांना सोबत घ्यावे.