पाचर फोडते, पाचर धरते

पाथरवट मोठा धोंडा फोडतो तो नुसत्या घणाच्या जोरावर नव्हे. तो एका ओळीत लहान लहान भोकं पाडतो, त्यांत लोखंडी पाचरी बसवतो आणि एकेकीवर आळीपाळीने घाव घालत जातो. थोड्या वेळाने माणसाएवढा धोंडा सरळ रेषेत दुभंगतो. घाव पडतो खाली, दगड फाटतो आडवा. जोराची दिशा बदलायची आणि तो वाढवायचा, हे पाचरीचं काम.

हीच पाचर माणसाचा जीव सांभाळायलाही वापरतात. ग्रॅनाइटच्या कड्यातली एखादी उभी भेग डोळ्यांसमोर आणा. उंची पंचवीस-तीस मीटर, म्हणजे दोराच्या एका लांबीत संपणारी. पहिला गडी कमरेला दोर बांधून चढू लागतो, दुसरा खाली दोर सांभाळत उभा राहतो. भेगेत पंजा सरळ घालायचा आणि अंगठा तळहाताकडे दुमडायचा. पंजा फुगतो आणि अडकतो. हातच पाचर होतो! दर दोन-तीन मीटरांवर गडी भेगेत एक धातूची पाचर बसवतो आणि तिच्या कडीतून दोर ओवतो. शेवटच्या पाचरीच्या दोन मीटर वर असताना हात सुटला, तर तो चार मीटर आणि दोर ताणला जाईल तेवढा आणखी खाली येतो. मागून चढणारा गडी सगळ्या पाचरी काढून आणतो. कातळ होता तसाच राहतो.

इंग्लंड-वेल्समधले आरोहक पूर्वी भेगेत दगडाचे गोटे अडकवून त्यांना दोरी बांधत. पुढे त्यांनी यंत्रांचे नट आतले आटे घासून वापरले. नट हे नाव तेव्हापासूनचं. अमेरिकेत योसेमिटीच्या ग्रॅनाइटमध्ये मात्र पोलादी मेखा ठोकायची पद्धत होती. मेख ठोकायची, काढायची, पुढच्याने पुन्हा ठोकायची. यात भेगांच्या कडा फुटून त्या रुंदावत गेल्या. पाथरवटाचंच काम नकळत चाललं होतं. १९७२ साली ईव्हॉन शुइनार्ड यांनी आपल्या साधनांच्या सूचिपत्रातूनच हातोडा सोडून नट वापरण्याचा आग्रह धरला. स्वतः मेखा बनवून विकणाऱ्या माणसाने हे करावं, याचं आम्हाला विशेष वाटतं.

नटाला खाली निमुळती होणारी भेग लागते. दोन्ही भिंती समांतर असल्या तर तो सरळ घसरून येईल. यावर रे जार्डिन या अमेरिकी अभियंत्याने तोड काढली. त्याचं ‘फ्रेंड’ हे साधन १९७८पासून विकायला आलं. त्यात स्प्रिंगने उघडणाऱ्या वाकड्या पाकळ्या असतात, त्यांना कॅम म्हणतात. खाली ओढ बसली की पाकळ्या आणखी उघडू पाहतात आणि भिंतींवर रेटा देतात. पाकळीची कड लॉगॅरिथमिक सर्पिलाची असते. त्यामुळे भेग अरुंद असो की रुंद, आसापासून भिंतीवरच्या स्पर्शबिंदूपर्यंतची रेषा आडव्या रेषेशी तोच कोन करते. तो सुमारे १४ अंशांचा असतो.

दहावीच्या मुलांना हे गणित जमेल. टॅन १४° म्हणजे साधारण ०.२५. ओढीचा अर्धा भार एका भिंतीकडे जातो, त्याला ०.२५ने भागायचं. उत्तर येतं ओढीच्या दुप्पट. म्हणजे ७० किलोचा माणूस नुसता लोंबकळला, तरी प्रत्येक भिंतीवर १४० किलोइतका रेटा. घर्षणगुणांक ०.२५पेक्षा जास्त असला की पाकळी घसरत नाही, मग भार कितीही वाढो. ग्रॅनाइटच्या खरबरीत पृष्ठभागावर तो बराच जास्त असतो. आता माणूस पडला, आणि पाचरीवर ५०० किलोइतका झटका आला असं धरा. प्रत्येक भिंतीला १००० किलो, म्हणजे दोन धिप्पाड म्हशींचं वजन, एका क्षणात आडवं लागतं.

भिंतीने हा रेटा सोसायला हवा. ग्रॅनाइट जमिनीत खोल, सावकाश थिजलेला. त्याचे स्फटिक एकमेकांत घट्ट गुंतलेले. त्यात दोन भेगांमधलं अंतर बहुधा मोठं असतं. त्यामुळे भेगेच्या भिंती म्हणजे अखंड पहाडच.

संगमनेर परिसरातला खडक वेगळा आहे. चंदनापुरी घाटात डोंगर कापून रस्ता केलाय. तिथला, अकोले तालुक्यातला हरिश्चंद्रगडाचा आणि कळसूबाईच्या रांगेतला काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा आहे. ताजा, अभंग बेसॉल्ट दाब सोसायला ग्रॅनाइटपेक्षा मुळीच कमी नाही. प्रश्न भेगांचा आहे. लाव्हा उघड्यावर लवकर निवला आणि आकसला. सुकलेल्या तळ्याचा चिखल तडकतो तसा तो जवळजवळ तडकला. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे खांब असेच झाले. म्हणजे भेगेची भिंत हा पुष्कळदा एक सुटा खांब असतो, आणि त्याच्या मागेही भेग असते. तिच्यात पावसाचं पाणी मुरून खडकाचा मुरूम होत आलेला असतो. अशा जागी कॅम लावणं म्हणजे पाथरवटाची पाचर ठोकणंच. माणूस पडेल आणि खांबही त्याच्या अंगावर येईल. म्हणूनच सह्याद्रीतले आरोहक भेगेवर पूर्ण विसंबत नाहीत. अभंग कातळ शोधून, त्याला भोक पाडून ते बोल्ट बसवतात. योसेमिटीतल्या आरोहकाला हे रुचणार नाही, पण त्याच्या पायाखालचा खडक वेगळा आहे.

वर्गात हे दाखवता येतं. गुळगुळीत लादीवर दोन विटा बोटभर अंतरावर ठेवा आणि मधल्या फटीत लाकडी पाचर वरून दाबा. विटा बाजूला सरकतात, पाचर लादीला टेकते. आता दोन्ही विटांना बाहेरून पाण्याने भरलेल्या बादल्या टेकवून पुन्हा दाबा. या वेळी पाचर मध्येच रुतेल. पाचर तीच, फट तीच. दोन्ही वेळी काय बदललं, हे मुलांनाच सांगू द्या.

किल्ल्यावर सहल नेलीत तर वाटेतल्या एखाद्या कातळावर मुठीने थाप मारून बघायला सांगा. बाजारात मडकं वाजवून घेतात तसंच हे. भरीव कातळाचा आवाज आणि मागून सुटलेल्या कपारीचा पोकळ, बद्द आवाज यांतला फरक मुलांना चटकन कळतो. बद्द वाजलेल्या दगडाला धरून वर चढायचं नाही आणि त्याच्या खाली बसून डबाही खायचा नाही.