ठाकुर्लीच्या खाडीपासून डॉल्फिनच्या समुद्रापर्यंत

ऑर्काचा भाऊबंद: ऑर्का हा डॉल्फिन कुळातला सर्वांत मोठा प्राणी. आपल्या किनाऱ्यावरचा त्याचा नातलग म्हणजे हिंदी महासागरी हम्पबॅक डॉल्फिन. धोक्यातील प्रजातींच्या जागतिक लाल यादीत तो 'संकटग्रस्त' आहे.

अधिवास: किनाऱ्यालगतचे उथळ पाणी आणि खाड्यांची मुखे. म्हणजे माणसाची वर्दळ सर्वाधिक असते, तिथेच.

आपला संबंध: ठाणे जिल्ह्यातील ठाकुर्लीजवळून वाहणारी उल्हास खाडी पुढे वसईच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. इथले सांडपाणी आणि प्लास्टिक त्याच वाटेने जाते. काठची खारफुटी मासळीच्या पिल्लांना आसरा देते आणि त्या मासळीवर डॉल्फिन व कोळी दोघेही जगतात.

धोके: जाळ्यात अडकून गुदमरणे, प्रदूषण, बोटींचा आवाज, घटती मासळी.

संरक्षण: वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत या डॉल्फिनचा समावेश. जवळचे ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यही 2022 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा.

कोळ्यांना साथ: अडकलेला संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळे कापल्यास राज्य शासन 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देते.

आपण काय करावे: निर्माल्य, प्लास्टिक खाडीत टाकू नये. जखमी प्राणी दिसल्यास वनविभागाला 1926 वर कळवावे.