मातीचा घसारा कुणाच्या खात्यावर?

सातबाऱ्यावर क्षेत्राच्या जोडीला ‘आकार’ नावाचा एक रकाना असतो. शेतसाऱ्याचा रुपये-पैशांतला तो किरकोळ आकडा आज कुणी फारसा वाचत नाही. पण महाराष्ट्रात मातीचं मोल पद्धतशीर ठरवण्याच्या खटपटीची ती खूण आहे. १८३०च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात जमिनीची नव्यानं मोजणी केली. माती किती हात खोल आहे, काळी आहे की बरड, तिच्यात चुनखडी, वाळू किंवा खार आहे का, उतार किती, हे पाहून जमिनीची प्रत आण्यांत ठरे. खोल काळी जमीन सोळा आण्यांची. माती उथळ होत जाई तसे आणे उतरत. हेतू सारावसुलीचा होता, तरी मातीची खोली म्हणजे पैसा हे त्या प्रतवारीनं नेमकं ओळखलं होतं.

आजच्या व्यवहारात ही जाण उरलेली नाही. क्षेत्र गुंठ्यापर्यंत मोजलं जातं, बांधावरून भाऊबंदकी होते, कोर्टकचेरी होते. पण त्या क्षेत्रावर माती किती उरली आहे, हे उताऱ्यावरून कळत नाही. दोन हात खोल मातीचा एकर आणि मुरूम उघडा पडलेला एकर, कागदावर दोन्ही एकरच.

एका एकरावरून फक्त एक मिलिमीटर थर वाहून गेला, तर किती माती जाते? चार घनमीटर, म्हणजे जवळपास दीड ब्रास. वजनात पाच टनांच्या आसपास. डोळ्यांना शेत होतं तसंच दिसतं. ध्रुवनारायण आणि राम बाबू या शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये देशातल्या मातीच्या धुपेचा अंदाज मांडला, तो दर वर्षी हेक्टरी सरासरी १६.४ टनांचा होता. एकरी हिशेब केला तर साडेसहा टन. त्यांच्याच अंदाजानुसार या मातीपैकी सुमारे २९ टक्के कायमची समुद्राला मिळते, १० टक्के धरणांत साचते आणि बाकीची एका जागेवरून उठून दुसरीकडे पडते.

गेलेल्या मातीचं मोल काढण्याची सर्वांत सरळ रीत म्हणजे ती परत आणायला किती खर्च येतो ते पाहणं. हा खर्च आपल्याकडे प्रत्यक्ष होतो आहे. २०१७ मध्ये राज्य सरकारनं ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू केली. उन्हाळ्यात तलाव आटले की पोकलेन उतरतात आणि शेतकरी ट्रॅक्टर, टिपर लावून गाळ शेतात नेतात. पुढे लहान आणि सीमांत शेतकऱ्यांना गाळ नेऊन पसरण्यासाठी घनमीटरला ३५.७५ रुपये अनुदान ठरलं, एकरी ४०० घनमीटरपर्यंत. चारशे घनमीटर म्हणजे एकरभर साधारण दहा सेंटिमीटरचा थर. अनुदानाच्या दरानंसुद्धा हे चौदा हजारांवर जातं, आणि खोदाईचा खर्च त्यात नाही. एकाच मातीचा भुर्दंड तीनदा बसतो: निघाली तिथं पीक घटतं, साचली तिथं धरणाची साठवण घटते आणि परत आणताना डिझेल जळतं.

एवढं करूनही हा आकडा अपुराच आहे. माती केवळ पसरायची वस्तू नाही, ती काम करते. पहिलं काम पाणी धरून ठेवण्याचं. काळ्या जमिनीचा दहा सेंटिमीटरचा थर पिकाला उचलता येईल असं साधारण १५ ते २० मिलिमीटर पाणी साठवतो. एकराला ते साठ ते ऐंशी हजार लिटर होतं, म्हणजे दहा हजार लिटरचे सहा ते आठ टँकर. भर वाढीतलं पीक दिवसाला पाच मिलिमीटरच्या आसपास पाणी पितं. थर गेला की पावसाच्या खंडात तग धरण्याचे तीन-चार दिवस गेले. ऑगस्टमध्ये सोयाबीन फुलावर असताना पावसानं ओढ दिली, तर हे तीन-चार दिवस हंगामाचा निकाल ठरवतात. विहीर असलेला शेतकरी डिझेल किंवा वीज खर्चून एक पाणी देतो. विहीर नसलेल्याला ते कोणत्याही भावानं मिळत नाही.

दुसरं काम अन्नाचं. एकरातल्या वरच्या अर्ध्या फूट मातीचं वजन साधारण नऊ लाख किलो भरतं. तिच्यात सेंद्रिय कर्ब अर्धा टक्का असेल, तर तो साडेचार टन होतो आणि त्याच्यासोबत अंदाजे चारशे किलो नत्र असतं. तेवढं नत्र युरियातून घ्यायचं तर ४५ किलोची एकोणीस पोती लागतील, २६६.५० रुपयांच्या दरानं सुमारे पाच हजार रुपये. इथं सावध राहायला हवं. हा भाव मातीचा नाही, सरकारी अनुदानानं उतरवलेल्या युरियाचा आहे. पोतं स्वस्त म्हणून कर्बही स्वस्त, असं आपण नकळत धरून चालतो आणि पाचट पेटवतो. पण युरिया पाणी धरत नाही, ढेकळाला बांधून ठेवत नाही, मुळांभोवतीच्या जीवाणूंना खाद्य देत नाही.

बांधून ठेवणं म्हणजे काय, ते घरी पाहता येतं. दोन सुकी ढेकळं घ्या, एक वर्षानुवर्षं गवत राहिलेल्या बांधाचं, दुसरं सतत नांगरलेल्या रानाचं. दोन्ही पाण्यानं भरलेल्या काचेच्या ग्लासात अलगद सोडा. रानातलं ढेकूळ बहुधा काही मिनिटांत विरघळतं आणि तळाशी त्याचा चिखल होतो. बांधावरचं बराच वेळ आकार धरून राहतं, पाणीही पुष्कळसं नितळ राहतं. वळवाच्या पहिल्या सरीत आपल्या शेतात काय घडतं, त्याची ही चाचणी आहे.

साऱ्या देशाचा हिशेब मांडण्याचा मोठा प्रयत्न पर्यावरण मंत्रालयासाठी ‘टेरी’ संस्थेनं केला. २०१८ मध्ये आलेल्या त्या अहवालानुसार जमिनीची अवनती आणि जमिनीच्या वापरातले बदल यांमुळे २०१४-१५ या एका वर्षात सुमारे ३ लाख १७ हजार कोटी रुपयांचं नुकसान झालं, सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५४ टक्के.

महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये १८८३ साली हे दुखणं नेमकं पकडलं होतं. डोंगरावरचा पालापाचोळा आणि कुजलेलं सत्त्व पावसानं शेतात उतरे तेव्हा जमीन कशी पोसली जाई, हे त्यांनी लिहिलं आणि सरकारनं फौजेतल्या व पोलिसांतल्या मोकळ्या हातांकडून ताली-बंधारे घालून घ्यावेत, असं सुचवलं. मातीची राखण हा सार्वजनिक खर्चाचा विषय आहे, हे त्यांचं म्हणणं आजही तितकंच खरं आहे.

कारण शेतकऱ्याच्या हिशेबात या राखणीला जागाच नाही. हमीभावासाठी उत्पादनखर्च काढताना अवजारांचा घसारा धरतात, सर्वसमावेशक खर्चात स्वतःच्या जमिनीचा खंडही धरतात. मातीचा घसारा कुठंच धरत नाहीत. त्यामुळे माती झिजवून काढलेलं पीक कागदावर नफ्याचं दिसतं, प्रत्यक्षात शेतकरी भांडवल मोडून खात असतो. वर्षाच्या तोंडी बोलीवर रान करणाऱ्याची अडचण आणखी मोठी. शेणखताचा गुण दोन-तीन वर्षं पुरतो, पण पुढच्या वर्षी रान दुसऱ्याकडे जाणार असेल तर तो शेणखत कशाला टाकील?

जिथं राखणीचा लाभ त्याच हंगामात हाती पडतो, तिथं शेतकरी सांगावं न लागता वळतो. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी रुजवलेल्या सगुणा भात तंत्रात गादीवाफे कायम राहतात, चिखलणी आणि लावणी टळते, मागच्या पिकाची मुळं जमिनीतच कुजतात. माती सुधारायला वेळ लागतो. मजुरी मात्र पहिल्याच वर्षी वाचते.

बाकी ठिकाणी हा लाभ धोरणानं पोचवावा लागेल. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटक तपासतात, त्यात सेंद्रिय कर्ब आहे, पण मातीची खोली नाही. ती मोजायला पहार आणि टेप पुरेसे आहेत. गावानं ठरावीक जागा नेमून दर तीन वर्षांनी नोंद ठेवावी. जिथं कर्ब आणि खोली टिकली, तिथं पीककर्जाच्या व्याजात सवलत मिळावी. खंडाचे करार लेखी आणि तीन-पाच वर्षांचे व्हावेत. आणि उत्पादनखर्चात मातीच्या घसाऱ्याची ओळ यावी. स्वस्त धान्य खाणारे आपण सगळे त्या झिजेचे वाटेकरी आहोत. तिचा खर्च एकट्या शेतकऱ्यानं का सोसावा?