ओट्यावरचं फडकं

आमच्या कामरगावात कापूस शिवारातच पिकतो, तरी ओटा पुसायला हल्ली पॉलिस्टरच्या जुन्या साडीचा तुकडा वापरतात. तो पाणी पीत नाही, नुसतं पसरवतो. सुती धागा मात्र पाणी ओढून घेतो. त्यातही वर्षानुवर्षं धुतलेलं धोतर सगळ्यात चांगलं, कारण त्यातली खळ केव्हाच निघून गेलेली असते. कोरं कापड असेल तर आधी धुवाच, नाहीतर शिवल्यावर आटतं आणि शिवण गोळा होते.

फडक्यासाठी मी हातभर चौकोनाचे दोन पदर घेते. तीन बाजू शिवून खोळीसारखं उलटवते, चौथी बाजू दुमडून मिटवते. मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपा धावदोरा घालते. तो नसेल तर पिळताना पदर आत सरकतात. कोपऱ्याला नाडीचा फास हवाच. फडकं खिळ्यावर मोकळं वाळलं पाहिजे, ओलं गोळा करून ठेवलं की वास मारतं.

अमेरिकेत १९३१ साली स्वयंपाकघरासाठी कागदी टॉवेल विकायला आले. ते एकदा वापरून फेकायचे. हे फडकं मात्र फेकायचं नाही, धुण्याच्या सोड्यात उकळा आणि कडक उन्हात टाका. हळदीचा डाग साबणाला दाद देत नाही, पण उन्हात फिका पडतो.