डोक्याला मार लागला, तर खेळ थांबवा

पावसाळा सरला की रांधा-सिल्वासा भागात क्रिकेट, कबड्डी आणि खो-खो रंगू लागतात. गुडघे फुटतात, कोपरं सोलवटतात. जखम धुतली की मुलं पुन्हा मैदानात. डोक्याच्या माराचं मात्र तसं नाही.

डोक्यावर चेंडू बसला, दोघांची टक्कर झाली किंवा पकडीत मूल जोरात आदळलं, तर कवटीच्या आत मेंदूला हादरा बसू शकतो. डॉक्टर याला कन्कशन म्हणतात. रक्त येत नाही, टेंगूळ येईलच असं नाही आणि बहुतेक मुलांची शुद्धही हरपत नाही. हेल्मेटमुळे कवटी वाचते, पण हादरा बसणारच नाही याची खात्री नसते.

ओळखायचं कसं?

मूल गोंधळल्यासारखं दिसतं, तोल जातो, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतं. डोकं दुखणं, चक्कर, मळमळ, अंधुक दिसणं, उजेड सहन न होणं, विनाकारण चिडचिड किंवा रडू येणं हीही लक्षणंच. काही वेळा ती काही तासांनी दिसतात. ‘सामना कोणता चाललाय? आत्ता चढाई कोणाची होती?’ असं विचारून पाहा.

लगेच काय करायचं?

शंका आली तरी मुलाला बाहेर बसवा. त्या दिवशी पुन्हा खेळू देऊ नका. हा निर्णय मुलावर किंवा कप्तानावर सोडू नका, कारण ‘मला काही झालं नाही’ असंच मुलं सांगतात. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पहिले 24 तास मोठं माणूस जवळ हवं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका.

वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, झटके, हातापायांत अशक्तपणा, बोबडं बोलणं, कान-नाकातून रक्त किंवा पाणी, जागं करणं कठीण होणं, यांपैकी काहीही दिसलं तर 108 वर फोन करा किंवा थेट सिल्वासाचं विनोबा भावे रुग्णालय गाठा. मानही दुखत असेल तर मुलाला हलवू नका. रुग्णवाहिकेची वाट पाहा.

फेब्रुवारी 1998 मध्ये ढाक्यातल्या क्लब सामन्यात हेल्मेटशिवाय शॉर्ट लेगला उभ्या असलेल्या रमण लांबा यांच्या कपाळावर चेंडू बसला. ते स्वतः चालत मैदानाबाहेर गेले. थोड्याच वेळात बेशुद्ध झाले आणि तीन दिवसांनी गेले. चालतोय, बोलतोय, म्हणजे ठीक आहे, असं धरून चालू नये.

पुन्हा मैदानात कधी?

एक-दोन दिवस आराम. मोबाइल, टीव्ही कमी. मग आधी शाळा आणि अभ्यास पूर्ववत. त्यानंतर चालणं, धावणं, सराव, असं एकेक पायरीने. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस. त्रास वाढला तर एक पायरी मागे. डॉक्टरांच्या परवानगीशिवाय सामना नाही. पहिला हादरा बरा होण्याआधी दुसरा बसला, तर तो फार महागात पडू शकतो.

डिसेंबर 2020 मध्ये कॅनबेरात हेल्मेटवर चेंडू बसल्यावर रवींद्र जडेजाऐवजी युजवेंद्र चहल उतरला आणि सामनावीर ठरला. बदली खेळाडू देण्यात कमीपणा नाही. मंडळाच्या सामन्यांतही दोन्ही संघांनी अशी बदली आनंदाने मान्य करावी, एवढीच आमची विनंती. चषक पुढच्या वर्षीही येईल.